सतरा नंबरचं कार्ड

सतरा नंबरचं कार्ड निघालं तेव्हा तास संपायला सहा मिनिटं उरली होती आणि वर्ग चांगला रंगात आला होता. परीक्षा अकरा दिवसांवर आलेली. या दिवसांत बाकीच्या वर्गांतून घोकंपट्टीची गुणगुण ऐकू यायची, नाहीतर मास्तरांचा ओरडा. मानसशास्त्राच्या बाईंच्या वर्गातून मात्र हशा. बाईंची उजळणी म्हणजे खेळ, हे शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. बाकं भिंतीला सरकवायची, चार गट करायचे, मधल्या टेबलावर बुटांचा जुना खोका ठेवायचा आणि खोक्यात चाळीस कार्डं. प्रत्येक कार्डावर एक प्रसंग. एका गटाने तो वाचायचा, बाकीच्यांनी त्यातली संकल्पना ओळखायची, ज्याची थाप टेबलावर आधी पडेल त्याला गुण. चुकलं तर उणे एक. कार्डं बाईंनी स्वतः टाइप केलेली, स्वतः कापलेली, वर प्लास्टिक चढवून आणलेली. इतकी वर्षं हाताळूनही एकाचाही कोपरा दुमडला नव्हता, आणि याचा बाईंना, खोटं कशाला बोला, अभिमान होता. तर दुसऱ्या गटातल्या एका चष्मेवालीने कार्ड काढलं आणि वाचायला सुरुवात केली, "कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला की..." तेवढ्यात धाडकन थाप पडली. "अभिजात अभिसंधान! आणि उद्दीपक सामान्यीकरण!" बझरच, दुसरं कोण. या मुलीचं नावच वर्गाने बझर पाडलं होतं; प्रश्न तोंडातून बाहेर पडायच्या आत हिचं उत्तर तयार. "अगं ए, पूर्ण तरी होऊ दे की," बाई हसत म्हणाल्या. चष्मेवालीने उरलेलं वाचलं: "की माझं पोट दुखायला लागतं. आता शेजारच्यांच्या कुलपाचा आवाज आला तरी दुखतं." उत्तर बरोबरच होतं. एका आवाजाशी भीती जोडली गेली हे अभिसंधान, आणि मग तसल्या कुठल्याही आवाजाला ती भीती येऊ लागली हे सामान्यीकरण. दोन्ही एकाच कार्डात, तेही दोन वाक्यांत. बाईंचं आवडतं कार्ड होतं ते. बाईंनी फळ्यावर बझरच्या गटाला गुण मांडला. चष्मेवालीने मात्र कार्ड खोक्यात टाकलं नाही. हातात धरून तिने विचारलं, "बाई, मग पुढे काय झालं हिचं?"

"कुणाचं?"

"हिचं. जिचं पोट दुखायचं तिचं."

"तिला पैकीच्या पैकी मिळाले! चला, पुढचं कार्ड."

वर्ग खो खो हसला. बझर सगळ्यांत मोठ्याने. चष्मेवालीसुद्धा हसली, कार्ड तिने टाकलं, आणि पुढचं कार्ड स्मरणशक्तीवरचं निघालं. मग घंटा झाली. बाकं जागच्या जागी ओढताना फरशीवर जो खरडल्याचा आवाज होतो तो झाला, पोरं गेली, आणि बाई हातात खोका घेऊन फळ्यापाशी उभ्या राहिल्या. पैकीच्या पैकी. किती पटकन आलं होतं तोंडात! आणि साफ खोटं होतं. तिला पैकीच्या पैकी मिळाले नव्हते. एक गुण बाईंनी कापला होता.

शिक्षकांच्या खोलीत येऊन बाईंनी हात धुतले. खडूची पूड गेली तरी धूतच राहिल्या. भूगोलाचे सर म्हणाले, "काय बाई, आज पोरं फारच हसत होती? परीक्षा आहे का जत्रा?" एरवी बाईंनी त्यांना चांगलं ऐकवलं असतं. आज त्या नुसतं 'हं' म्हणाल्या आणि कपाट उघडून खोका ठेवायला लागल्या, आणि ठेवता ठेवता सतरा नंबरचं कार्ड काढून पर्समध्ये टाकलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पोर असं विचारू कसं शकते? नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. नऊ तुकड्या येऊन गेल्या, प्रत्येक वेळी सतरा नंबरला टेबलावर थापा पडल्या, 'सामान्यीकरण, सामान्यीकरण' म्हणून आरडाओरडा झाला, गुण मांडले गेले. आणि एकालाही वाटलं नाही की कार्डात माणूस आहे. पोरांना काय नावं ठेवायची? बाईंना तरी कुठे वाटलं होतं? छे. वाटलं नव्हतं असं म्हणायचीही सोय नव्हती. वाटलं होतं. तेच तर.

टाचणी. सगळे तिला टाचणी म्हणत, इतकी ती काटकुळी होती. तिसऱ्या बाकावर, खिडकीच्या बाजूला. नऊ वर्षांपूर्वी बाई या शाळेत नव्या होत्या आणि नोकरी कायम व्हायची होती. वरून तपासनीस येणार म्हणून आठवडाभर सगळ्यांचे धाबे दणाणले होते. तेव्हा बाईंना ही युक्ती सुचली. पुस्तकातली उदाहरणं वाचून पोरं कंटाळतात, कुत्रा आणि घंटा, उंदीर आणि पिंजरा, त्यापेक्षा त्यांनाच लिहू द्यावीत. प्रत्येकाने आपल्या आयुष्यातला एक प्रसंग चिठ्ठीवर लिहायचा. नाव नाही, हजेरीचा नंबर नाही. मोकळेपणाने लिहा, बाई म्हणाल्या होत्या, कुणाला कळणार नाही. चिठ्ठ्या एका खोक्यात. मग बाईंनी एकेक वाचायची आणि वर्गाने संकल्पना ओळखायची. तपासनीस मागच्या बाकावर वही उघडून बसलेले. पहिल्या चारपाच चिठ्ठ्या नेहमीच्याच निघाल्या, लिफ्टची भीती, आजोबांचं घोरणं, डॉक्टरच्या दवाखान्याचा वास. मग ही. बाईंनी ती मनात वाचली तेव्हा त्यांना काय झालं? हे त्यांनी नऊ वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. त्यांना आनंद झाला. अंगावर शहारा यावा इतका आनंद. इतकं स्वच्छ उदाहरण! पुस्तकात नाही सापडणार असं. त्यांनी ते मोठ्याने, नीट ठसक्यात वाचलं, वर्ग ओरडला, मागे तपासनिसांनी मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं. आणि चिठ्ठीच्या खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात हजेरीचा नंबर होता. एकतीस.

बस भरली होती. बाईंना खिडकीची जागा मिळाली, पर्स मांडीवर. शेजारची बाई फोनवर कुणाला तरी गॅस बंद केलास का, गॅस बंद केलास का, म्हणून विचारत होती. बाईंनी पर्समध्ये हात घालून कार्डाची कड चाचपली. कड गुळगुळीत होती. सगळा नियम काय होता, नंबर घालायचा नाही. तीस जणांनी पाळला. एकीने मोडला. का मोडावा? मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाईला, पदव्या घेतलेल्या बाईला, हा प्रश्न पडू नये? पडला होता. क्षणभर पडला होता, आणि तेवढ्यात मागे तपासनिसांनी घसा खाकरला. "कुणीतरी नियम मोडलाय हं," बाई लाडिकपणे म्हणाल्या होत्या. "नंबर घातलाय. उदाहरण झकास, पण एक गुण कमी!" वर्ग हसला. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने बाकाच्या कडेवर नखाने काहीतरी खरडायला सुरुवात केली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं होतं. नाही पाहिलं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. आणि तास संपल्यावर सगळे बाहेर पळाले तरी टाचणी फळ्यापाशी घुटमळत राहिली होती. खाली पडलेले खडूचे तुकडे वेचत होती. तपासनीस बाईंशी बोलत होते, फार वेगळा प्रयोग आहे, इतर शाळांनाही दाखवला पाहिजे, वगैरे. बाईंनी मधेच वळून विचारलं, "काय गं, काही हवंय का?" त्या सुरात काय होतं ते बाईंना आज बसमध्ये पुन्हा ऐकू आलं. जा ना आता, असं होतं. "नाही बाई, खडू उचलतेय," टाचणी म्हणाली. खडू टेबलावर ठेवले, ओळीने, आणि गेली.

घरी जाऊन त्याच संध्याकाळी बाईंनी कात्री घेतली. चिठ्ठीचा खालचा कोपरा कापून टाकला, गुप्ततेचा नियम म्हणून. स्वतःशी अगदी हेच शब्द. कापलेला तो करंगळीच्या नखाएवढा तुकडा टोपलीत पडला. आणि चिठ्ठीवरून कार्ड टाइप केलं, पोटाच्या 'प'चा ओकार सुटला होता तो दुरुस्त केला. नंतर कधीतरी मूळ चिठ्ठीही हरवली. चारेक महिन्यांनी टाचणीने शाळा सोडली. घर बदललं म्हणे. बाईंची नोकरी कायम झाली.

तर अशी ही नऊ वर्षं. बाईंचा थांबा आला आणि त्या उतरायच्या विसरल्या. पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आल्या.

घरात दिवा न लावता त्या स्वयंपाकघरात बसून राहिल्या, चहाचं आधण उकळून आटलं तरी. आणि मग दारात किल्ली फिरली. नवरा. बावीस वर्षं रोज याच वेळी ही किल्ली फिरते, आणि बावीस वर्षांत त्या आवाजाने बाईंच्या पोटात कधी काही झालं नव्हतं; झालंच तर भूक लागायची, कारण तो आला की दोघं जेवायची. आज त्यांनी त्या आवाजाकडे कान लावला. किल्ली आत जाते, अडकते, जराशी वर उचलावी लागते, मग फिरते, मग कडी. इतका वेळ लागतो. इतक्या वेळात एक मूल कुठे कुठे लपू शकेल, याचा हिशेब त्यांचं मन आपोआप करायला लागलं. कपाटामागे. मोरीत. पलंगाखाली नाही, तिथे सगळे पहिलं बघतात.

"अगं, अंधारात काय बसलीयस? गेली काय वीज?"

बाईंनी सांगितलं. सगळं नाही सांगता आलं, आनंदाचं पुन्हा गाळलंच. पण नंबराचं सांगितलं, कात्रीचं सांगितलं. नवरा माणूस भला. पायमोजे हातात धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, "नऊ वर्षं झाली. तू तेव्हा नवी होतीस. आणि कशावरून काही असेल? पोरं काय, पिक्चर बघून काहीही लिहितात."

"हो ना," बाई म्हणाल्या. "मीही तेव्हा हेच म्हणाले होते."

"मग?"

"मग काही नाही. याला समर्थन म्हणतात. संरक्षण यंत्रणांमधली तिसरी. हमखास प्रश्न येतो."

तो हसला नाही. जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला, आणि बाईंना त्या हाताचाही राग आला, कारण तो मऊ होता, आणि मऊ हाताखाली बसायचा आपल्याला काय अधिकार, असं त्यांना वाटलं. "हे बघ," तो म्हणाला, "मग शोध ना तिला. नुसतं जिवाला लावून काय घेणार आहेस?" किती साधं बोलला. नऊ वर्षांत एवढं साधं काही बाईंच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी उठून दिवा लावला आणि चहाचं भांडं घासायला घेतलं.

सकाळी शाळा भरायच्या आधी त्या कार्यालयात गेल्या. कारकून कुलूप काढतच होता. "नऊ वर्षांपूर्वीचं रजिस्टर?" तो म्हणाला. "बाई, ते उंदरांना विचारा." पण बाईंचं तोंड बघून त्याने पुढे थट्टा केली नाही, शिडी आणली, माळ्यावरून गठ्ठे काढले, शिंकत शिंकत. सापडलं. एकतीस नंबर. शाळा सोडल्याचं कारण: घर बदलले. खाली एक फोन नंबर. आणि त्याच्या शेजारी, वर्गशिक्षिकेचा शेरा म्हणून, बाईंच्याच वळणदार अक्षरात: 'वर्तणूक उत्तम. शांत. कधीही तक्रार नाही.' बाईंनी ते तीनदा वाचलं. हे आपण लिहिलंय. चिठ्ठीनंतर चार महिन्यांनी, चांगल्या पेनाने, कौतुक म्हणून. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई गोड आवाजात सांगत होती. पुन्हा लावला. तेच. "कुणी नात्यातली होती का?" कारकुनाने हळूच विचारलं. बाईंनी मान हलवली आणि रजिस्टर मिटलं. बोटांना धूळ लागली होती, ती त्यांनी पुसली नाही.

वर्गात पोरांनी बाकं आधीच भिंतीला लावून ठेवली होती. गट पडले होते. बझर टेबलाजवळ तळहात चोळत उभी, पैलवानासारखी. "बाई, आज आम्ही चाळीसच्या चाळीस घेणार!" बाईंनी खोका टेबलावर ठेवला, पण उघडला नाही. पर्समधून सतरा नंबर काढला. "काल हिने मला एक प्रश्न विचारला," त्या चष्मेवालीकडे बघून म्हणाल्या, "आणि मी थट्टेवारी नेला. खरं उत्तर असं आहे की मला माहीत नाही. हे कार्ड याच शाळेतल्या एका मुलीने लिहिलं होतं. खरंखुरं. तुमच्याएवढी होती. खाली नंबर घातला होता, म्हणजे मी बोलवावं म्हणून. मी बोलावलं नाही. मी गुण कापला." शेजारच्या वर्गातलं गणित ऐकू येऊ लागलं. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, पण सगळा वर्ग ऐकत होता ना? तुम्ही एकट्याच नव्हता." बघ्यांचा परिणाम, बाईंच्या मनाने तत्परतेने नाव दिलं, प्रकरण सहावं, आणि त्यांना स्वतःच्या त्या मनाची शिसारी आली. "ऐकत होता," त्या म्हणाल्या. "पण चिठ्ठी माझ्या हातात होती."

मग त्यांनी कोरे कागद वाटले. आज खेळ नाही. हवं ते लिहा, किंवा काहीच लिहू नका, नुसती घडी करून टाका. मी मोठ्याने वाचणार नाही. ओळखायचं काही नाही, गुण नाहीत. "नंबर घालायचा का?" कुणीतरी विचारलं. "ज्याला घालावासा वाटेल त्याने घाला." पोरं लिहू लागली. बाई मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिल्या, पण कान चष्मेवालीच्या पेनाकडे होते. रात्री त्यांना डोळा लागला नव्हता, आणि पहाटे पहाटे त्यांची खात्रीच झाली होती: तिने उगाच विचारलं नसणार. पुढे काय झालं हिचं, म्हणजे पुढे काय होणार माझं. ती पोर मला विचारत होती, आणि मी पुन्हा एकदा हसवलं. आज तिला गाठायचंच. पहिली तिची चिठ्ठी काढायची.

काढली. मधल्या सुट्टीनंतर त्यांना तास नव्हता, शिक्षकांच्या खोलीत त्या एकट्याच होत्या. चष्मेवालीचं तिरकं अक्षर लांबूनही ओळखू यायचं. 'बाई, मला भावाचा राग येतो तेव्हा मी मांजरावर ओरडते. हे विस्थापन. मांजर माझ्याशी बोलत नाही. बाकी सगळं ठीक आहे. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.' नंबर घातलेला, आणि शेजारी मांजराचं चित्र. बाईंनी कागद कपाळाला लावला. म्हणजे नुसतंच विचारलं होतं. पुढे काय झालं ते माहीत करून घ्यायचं होतं, बस्स, माणूस विचारतं तसं. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल जरा ओशाळल्यासारखंही झालं. बाकीच्या वाचल्या. परीक्षेची भीती, परीक्षेची भीती, वडिलांची बदली, एक प्रेमप्रकरण, परीक्षेची भीती, 'बाई तुम्ही छान शिकवता', सहा कोऱ्या. तळाशी एक उरली, घडीवर घडी घातलेली, बोराएवढी. उलगडायला वेळ लागला. आत काहीच नव्हतं. कोरीच, म्हणून त्या बाजूला ठेवणार होत्या. कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढ्या जागेत, नंबर होता. बावीस.

हजेरीपट उघडायची गरज नव्हती, तरी त्यांनी उघडला. बोट खाली खाली नेलं. बावीस नंबरला बझर होती. आणि कालची ती थाप त्यांना पुन्हा ऐकू आली. 'कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला की,' एवढंच वाचून झालं होतं. पोटाचं यायचं होतं. शेजाऱ्यांचं कुलूप तर पुढच्या वाक्यात होतं. सामान्यीकरण हिला कळलं कुठून? हुशार, असं वाटलं होतं. अगं, पूर्ण तरी होऊ दे की, आपण म्हणालो होतो. हसत.

बाई चालायला लागल्या. शाळेत असताना त्या कधी पळाल्या नव्हत्या, आजही पळाल्या नाहीत, पण जिन्यावर एक पायरी चुकली. गणिताचा वर्ग वरच्या मजल्यावर, प्रयोगशाळेशेजारी. सर फळ्याशी. "सर, बावीस नंबरला जरा बाहेर पाठवता?"

"बाई, उजळणी चाललीय. अकरा दिवस... दहाच राहिलेत. तास संपला की पाठवतो ना."

"नाही. आत्ता."

सरांनी खडू खाली ठेवला. बझर उठली, मैत्रिणींना डोळे मिचकावत, ओढणी सावरत बाहेर आली. दार लोटलं. "काय झालं बाई? चुकलं का काही? उणे एक?" आणि हसली, नेहमीचं ते मोठं हसू. बाईंनी मूठ उघडून ती घडी दाखवली फक्त. बझर हसतच होती. "ते होय! अहो, ते असंच. काही सुचलं नाही म्हणून नुसता नंबर टाकला. कोरा कागद बरा दिसत नाही ना." "बरं," बाई म्हणाल्या. "मला काही काम नाहीये. मी इथेच उभी राहते. तू हवा तितका वेळ घे." "पण काही नाहीच आहे, बाई, खरंच," बझर म्हणाली, आणि तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाला शिपाईमामा प्रयोगशाळेचं दार ओढून घेत होते. त्यांनी कुलूप अडकवलं, जुडग्यातून किल्ली निवडली, आत घातली आणि फिरवली. बझरचं हसू तोंडावर होतं तसंच राहिलं. फक्त तिचा उजवा हात ओढणीखाली पोटाशी गेला आणि तिथे दाबून बसला.

बाईंच्या मनात कुठलाही शब्द आला नाही. त्या पुढे झाल्या, बझर आणि प्रयोगशाळा यांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या, आणि वळून शिपाईमामांना हाक मारली, "मामा, ते कुलूप राहू द्या हो जरा. नंतर लावा."